जुन्या प्रोग्रॅमची बूज राखून

लिनक्सच्या टर्मिनलवर ‘युलिमिट -एन’ ही आज्ञा दिली, की बहुतेक यंत्रांवर एकच उत्तर येतं: १०२४. मेमरी ४ जीबी असो की ६४, आकडा तोच. हीच आज्ञा २०२० च्या सुमारास त्याच यंत्रावरच्या डॉकर कंटेनरमध्ये दिली, तर काही ठिकाणी १०,४८,५७६ असं उत्तर येई आणि काही ठिकाणी १,०७,३७,४१,८१६, म्हणजे १०७ कोटींच्याही वर. यंत्र एक, कर्नेल एक, आणि कंटेनरच्या आतल्या-बाहेरच्या आकड्यांत हजारपट ते दहा लाखपट अंतर.

एका प्रोसेसला एका वेळी किती फाइल उघड्या ठेवता येतील, याची ही मर्यादा आहे. जास्त परवानगी मिळाली तर नुकसान काय, असं सहज वाटतं. ज्याला गरज आहे तो वापरेल, ज्याला नाही तो वापरणार नाही. पण ऑपरेटिंग सिस्टमच्या मर्यादा प्रोग्रॅम वाचतात आणि त्यावर विसंबून निर्णय घेतात. त्यामुळे असा एक आकडा बदलला, की आपण कधी न पाहिलेल्या, कुणी कधीतरी लिहून ठेवलेल्या हजारो प्रोग्रॅमांशी झालेला करार बदलतो. तो करार न मोडता मर्यादा कशी वाढवायची, याचं एक उत्तम उदाहरण लिनक्सच्या जगात घडलं. कंटेनरच्या जगाला ते स्वीकारायला मात्र सात वर्षं लागली.

बिल्ल्याचा क्रमांक

प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा कर्नेल त्याच्या हातात फाइल देत नाही, एक क्रमांक देतं. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखाच हा क्रमांक असतो. वस्तू आत राहते, व्यवहार क्रमांकावर चालतो. या क्रमांकाला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. ०, १ आणि २ हे क्रमांक बहुधा सुरुवातीपासूनच दिलेले असतात: येणारी माहिती, जाणारी माहिती आणि त्रुटींचे संदेश. त्यानंतर उघडलेल्या प्रत्येक गोष्टीला कर्नेल त्या वेळी मोकळा असलेला सर्वांत लहान क्रमांक देतं.

हे क्रमांक डिस्कवरच्या फाइलींनाच मिळतात असं नाही. नेटवर्कवरची प्रत्येक जोडणी, दोन प्रोसेसमधला प्रत्येक पाइप, टाइमर, एवढंच काय तर अलीकडे दुसऱ्या प्रोसेसकडे बोट दाखवणारी खूणसुद्धा डिस्क्रिप्टरच असते. एकाच वेळी पाच हजार ग्राहकांशी बोलणाऱ्या सर्व्हरला निदान पाच हजार डिस्क्रिप्टर लागतात. १०२४ ची मर्यादा तिथे आडवी येते आणि लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ ही ओळ दिसू लागते. सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही ती ओळखीची आहे.

या मर्यादेचा नेमका अर्थ आधी पक्का करायला हवा. ती उघड्या फाइलींच्या संख्येवर असल्यासारखी वाटते, पण खरं तर ती क्रमांकावर आहे. मर्यादा १०२४ असेल तर मिळणारा सर्वांत मोठा क्रमांक १०२३. पुढचं सगळं या बारकाव्यावर उभं आहे.

प्रत्येक प्रोसेसला अशा मर्यादा घालण्याची सोय १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये आली. तिथे प्रत्येक मर्यादेला दोन आकडे असतात. सॉफ्ट लिमिट म्हणजे आत्ता लागू असलेली मर्यादा. हार्ड लिमिट म्हणजे प्रोसेस स्वतःहून सॉफ्ट लिमिट जिथपर्यंत वाढवू शकते ती हद्द. सॉफ्ट लिमिट वाढवायला कुणाची परवानगी लागत नाही, एक सिस्टम कॉल पुरतो. हार्ड लिमिट साध्या प्रोसेसला फक्त खाली आणता येते, वर नेता येत नाही. आणि हे दोन्ही आकडे वारशाने मिळतात: पालक प्रोसेसचे मुलाला, मुलाचे नातवाला.

१२८ बाइटांचा तक्ता

सॉफ्ट लिमिट नेमकी १०२४ का, याचं उत्तरही त्याच ४.२ बीएसडीपाशी जातं. एका वेळी अनेक जोडण्यांवर लक्ष ठेवण्यासाठी त्यात ‘सिलेक्ट’ नावाचा सिस्टम कॉल आला. या डिस्क्रिप्टरांपैकी कुणाकडे काही आलं तर मला जागं कर, असं प्रोग्रॅमने कर्नेलला सांगायचं. कोणते डिस्क्रिप्टर, हे सांगण्यासाठी बिटांचा एक तक्ता असतो. पाचव्या क्रमांकावर लक्ष ठेवायचं असेल तर तक्त्यातला पाचवा बिट १ करायचा.

लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या ग्लिबसी या सी लायब्ररीत या तक्त्याचा आकार कायमचा ठरलेला आहे: १०२४ बिट, म्हणजे १२८ बाइट. हा आकार प्रोग्रॅम बांधतानाच त्याच्या आत पक्का होतो. उद्या ग्लिबसीने तो वाढवायचं ठरवलं, तरी आधी बांधलेले प्रोग्रॅम आणि लायब्रऱ्या १२८ बाइटच धरून चालतील. म्हणून तो वाढवता येत नाही.

आता समजा एखाद्या प्रोग्रॅमला १५०० हा डिस्क्रिप्टर मिळाला आणि त्याने तो तक्त्यात नोंदवला. १५०० वा बिट बाइट क्रमांक १८७ मध्ये येतो. तक्त्याचे बाइट ० ते १२७ एवढेच. मग ती नोंद तक्त्याबाहेर, शेजारच्या मेमरीत होते. तिथे दुसरं एखादं चल असेल, फंक्शनचा परतीचा पत्ता असेल, काहीही असेल. त्यातला एक बिट गुपचूप बदलतो. संरक्षक तपासण्यांसह बांधलेला प्रोग्रॅम तिथेच थांबवला जातो. तशा तपासण्या नसलेला प्रोग्रॅम पुढे चालत राहतो आणि कधीतरी, भलत्याच जागी, भलत्याच कारणाने कोसळल्यासारखा दिसतो. मेमरी अशी बिघडवता येणं ही हल्लेखोरासाठीही वाट असते.

सॉफ्ट लिमिट १०२४ असेल तर हे घडूच शकत नाही. १०२३ च्या पुढचा क्रमांक कर्नेल देणारच नाही. प्रोग्रॅमला ‘आणखी फाइल उघडता येत नाही’ असं स्वच्छ उत्तर मिळतं, मेमरी शाबूत राहते. जुनाट वाटणारा हा आकडा ‘सिलेक्ट’ वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमचं संरक्षण करत उभा आहे.

‘सिलेक्ट’ला पर्याय कधीचे आले आहेत. ‘पोल’ला १०२४ चं बंधन नाही, आणि लिनक्सच्या २.६ कर्नेलपासून ‘ईपोल’ही सर्वांना उपलब्ध झाला. लिनक्सचं स्वतःचं माहितीपान नव्या प्रोग्रॅमांनी ‘सिलेक्ट’ वापरू नये असं बजावतं. पण लिहिलेले प्रोग्रॅम सल्ला ऐकत नाहीत. ते जसे आहेत तसेच चालत राहतात.

२०१८ चा निर्णय

इथे खरी कोंडी आहे. नव्या सर्व्हरांना लाखो डिस्क्रिप्टर हवेत, जुन्या प्रोग्रॅमांना १०२४ च्या आत ठेवायला हवं, आणि कोणता प्रोग्रॅम कोणत्या गटातला, हे ऑपरेटिंग सिस्टमला माहीत नाही.

बहुतेक लिनक्स वितरणांत पहिली प्रोसेस म्हणून चालणाऱ्या सिस्टमडीने डिसेंबर २०१८ मधल्या २४० व्या आवृत्तीत या कोंडीवर तोडगा काढला. तोवर कर्नेलची मूळ हार्ड लिमिट ४०९६ होती. सिस्टमडीने ती ५,२४,२८८ केली. सॉफ्ट लिमिट मात्र जाणूनबुजून १०२४ वरच ठेवली.

या छोट्या बदलामागे मोठा विचार आहे. ज्या प्रोग्रॅमच्या लेखकाला ठाऊक आहे की आपण ‘सिलेक्ट’ वापरत नाही, त्याने सुरू होताच एक सिस्टम कॉल करून सॉफ्ट लिमिट वाढवून घ्यावी. व्यवस्थापकाकडे जायची गरज नाही, कारण वर भरपूर जागा करून ठेवली आहे. जो प्रोग्रॅम काहीच बोलत नाही, त्याला जुनीच हमी मिळते. म्हणजे मर्यादा वाढवण्याचा निर्णय तो घेण्याइतकी माहिती ज्याच्याकडे आहे, त्याच्याच हाती गेला.

हार्ड लिमिट एवढी वाढवणं सुरक्षित होतं याचंही कारण होतं. उघड्या फाइलींमुळे कर्नेलची मेमरी खर्च होते आणि पूर्वी तो खर्च रोखायला डिस्क्रिप्टरांची मोजदाद हाच उपाय होता. मधल्या काळात सीग्रुप आले. २००६ मध्ये गूगलमधल्या अभियंत्यांनी सुरू केलेलं हे काम २००८ च्या जानेवारीत २.६.२४ कर्नेलमध्ये दाखल झालं. प्रोसेसच्या गटाला किती मेमरी, किती प्रोसेसर हे सीग्रुप ठरवतात, आणि डिस्क्रिप्टरांसाठी लागणारी कर्नेलची मेमरीही पुढे त्याच खात्यावर मांडली जाऊ लागली. संसाधनांची राखण करायला दुसरा, जास्त नेमका पहारेकरी आल्यावर डिस्क्रिप्टरांच्या मर्यादेकडे फक्त ‘सिलेक्ट’च्या सुरक्षेचं काम उरलं. त्या कामाला सॉफ्ट लिमिट पुरेशी होती.

कंटेनरचा वारसा

कंटेनरला स्वतःचं कर्नेल नसतं. यजमान यंत्राच्या कर्नेलवर चालणाऱ्या त्या साध्या प्रोसेसच असतात. त्यांना फक्त वेगळी फाइलव्यवस्था, वेगळं नेटवर्क आणि सीग्रुपची वेस दिलेली असते. साहजिकच वारशाचा नियम त्यांनाही लागू. सिस्टमडी डॉकरखालच्या कंटेनरडी या सेवेला सुरू करते, कंटेनरडी आपल्या मदतनिसांमार्फत रनसी या प्रोग्रॅमला सुरू करतो, रनसी कंटेनरातली पहिली प्रोसेस सुरू करतो. मधे कुणी वेगळा आकडा सांगितला नाही, तर वरचीच मर्यादा आतपर्यंत झिरपते.

डॉकर आणि कंटेनरडी यांच्या सिस्टमडी सेवा-फाइलींमध्ये बराच काळ एक ओळ होती. डिस्क्रिप्टरांची मर्यादा: अमर्याद. त्यावरच्या टिप्पणीत कारणही दिलं होतं. मर्यादा घातल्या तर कर्नेलला हिशेब ठेवण्याचा भार पडतो, म्हणून कंटेनरचा हिशेब सीग्रुपने ठेवावा. हेतू चांगला होता. पण अमर्याद म्हटल्यावर हार्डबरोबर सॉफ्ट लिमिटही वर गेली, आणि ती त्या सेवेपुरती न राहता प्रत्येक कंटेनरात उतरली.

‘अमर्याद’ म्हणजे नेमकं किती, हे कर्नेलच्या आणखी एका सेटिंगवर अवलंबून असतं. ते मुळात १०,४८,५७६ आहे. सिस्टमडीच्या २४० व्या आवृत्तीने तेही शक्य तितकं वर नेलं आणि ते १०७ कोटींच्या पुढे पोचलं. डेबियनने आपल्या वितरणात हा भाग बंद ठेवला, त्यामुळे तिथे जुनाच आकडा राहिला. तीच कंटेनर प्रतिमा (इमेज) डेबियनवर सुरळीत चाले आणि फेडोरा किंवा आर्चवर अडखळे, याचं मूळ इथे होतं. कंटेनरांचं सारं आश्वासन ‘कुठेही चालवा, सारखंच वागेल’ हे; आणि एका वारशाने आलेल्या आकड्याने त्यालाच तडा दिला.

१०७ कोटी फेऱ्या

नुकसान काय झालं, ते सेंटओएस ७ च्या कंटेनरात एखादं पॅकेज बसवताना दिसे. पॅकेज बसवणारा आरपीएम पॅकेजसोबत आलेल्या छोट्या स्क्रिप्ट चालवतो. स्क्रिप्ट सुरू करण्यापूर्वी आपल्या उघड्या फाइली तिच्या हाती पडू नयेत, ही त्याची काळजी रास्तच. पण कोणत्या फाइली उघड्या आहेत हे शोधण्याची त्याची जुनी पद्धत सरधोपट होती. मर्यादा किती आहे ते विचारायचं, आणि ३ पासून त्या आकड्यापर्यंत प्रत्येक क्रमांकासाठी कर्नेलकडे चौकशी करायची.

मर्यादा १०२४ असेल तर हजारभर चौकशा. एका चौकशीला १०० नॅनोसेकंद धरले, तर सगळ्या मिळून सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात उरकतात. मर्यादा १०७ कोटी असेल तर तीच फेरी १०७ सेकंद चालते. तीही एका स्क्रिप्टसाठी. दहा-बारा स्क्रिप्ट असतील तर वीस मिनिटं प्रोसेसर पूर्ण ताकदीने अस्तित्वात नसलेल्या क्रमांकांची विचारपूस करत राहतो. यात त्रुटीचा संदेश नाही, काही कोसळत नाही. फक्त ‘डॉकर बिल्ड अडकलंय’ अशी तक्रार येते.

पायथन २ मध्ये उपप्रोसेस सुरू करताना फाइली बंद करण्याचा पर्याय अगदी असाच चाले. पायथन ३ ने लिनक्सवर उघड्या डिस्क्रिप्टरांची यादीच वाचायला सुरुवात केली, त्यामुळे तो या त्रासातून सुटला. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांचं दुखणं निराळं होतं. त्या मर्यादा वाचून तेवढ्या फाइलींच्या नोंदींची जागा आधीच राखून ठेवत. एका नोंदीला १६ बाइट धरले तरी १०७ कोटी नोंदींना १६ जीबी मेमरी लागते. एकही टेबल नसलेला डेटाबेस सुरू होताच यंत्राची मेमरी गिळून मरत असे.

या प्रोग्रॅमांना दोष देणं सोपं आहे, पण ते अन्याय्य होईल. लिहिले गेले तेव्हा मर्यादा काही हजारांच्या आत असे, आणि त्या जगात त्यांची पद्धत साधी, बरोबर आणि जलद होती. ‘या क्रमांकापासून त्या क्रमांकापर्यंत सगळं बंद कर’ असं एकाच वेळी सांगणारा ‘क्लोज रेंज’ हा सिस्टम कॉल लिनक्समध्ये आला तो थेट ऑक्टोबर २०२० मध्ये, ५.९ कर्नेलसोबत. शिवाय जुने प्रोग्रॅम सांभाळण्यासाठीच लोक कंटेनर वापरतात. नव्या यंत्रावर बसत नाही म्हणून जुनी प्रणाली डब्यात बंद करून चालवायची, ही कंटेनरची मोठी सोय. ज्यांना जुन्या हमीची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्यांचीच हमी कंटेनरात काढून घेतली गेली होती.

परतीची वाट

चूक लक्षात आली तरी ती उलटवणं हाही बदलच असतो, आणि त्यानेही काहीतरी मोडतं. दशकभर कंटेनरांना सॉफ्ट लिमिट भरपूर मिळत होती. त्या औदार्यावर किती सर्व्हर उभे राहिले होते, याची मोजदाद कुणाकडे नव्हती. एका रात्रीत १०२४ केलं असतं तर गर्दीच्या वेळी जोडण्या नाकारल्या गेल्या असत्या.

म्हणून पावलं एकेक करून पडली. जानेवारी २०२४ मधल्या डॉकर इंजिन २५ मध्ये प्रतिमा बांधणाऱ्या कंटेनरांपुरता बदल झाला. आरपीएमचा त्रास तिथेच सर्वांत जास्त होता, आणि हजारो जोडण्यांची गरज तिथे जवळपास कुणाला नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या कंटेनरडी २.० मधून ‘अमर्याद’ची ती ओळ गेली. नोव्हेंबर २०२५ मधल्या डॉकर इंजिन २९ ने हा बदल सगळ्या कंटेनरांना लागू केला. आता कंटेनरला सिस्टमडीचेच आकडे मिळतात, यजमान यंत्रावरच्या कुठल्याही सेवेला मिळतात तेच.

दरम्यान बरेच प्रोग्रॅम स्वतः मागायला शिकले होते. जावाचं आभासी यंत्र सुरू होताना सॉफ्ट लिमिट हार्डपर्यंत नेतं. नोड-जेएसही तेच करतं. गो भाषेने ऑगस्ट २०२२ च्या १.१९ आवृत्तीपासून हे आपोआप करायला सुरुवात केली. पुढे २०२३ मध्ये त्यात एक महत्त्वाची भर पडली: गो प्रोग्रॅम दुसरा प्रोग्रॅम सुरू करतो तेव्हा मूळ सॉफ्ट लिमिट त्याला परत देतो. हा शिष्टाचार प्रत्येकाने पाळण्यासारखा आहे. आपण ‘सिलेक्ट’ वापरत नाही हे आपल्याला माहीत असतं. आपण सुरू केलेला मदतनीस वापरतो की नाही, हे माहीत नसतं. जास्तीची मर्यादा स्वतःपुरती घ्यावी, वारशात ठेवू नये.

न मागणाऱ्या सर्व्हरांसाठी थोडं काम उरतं. एन्जिन-एक्सला त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये कामगार प्रोसेसची मर्यादा स्पष्ट सांगावी लागते, नाहीतर १०२४ च्या पुढच्या जोडण्या मागितल्यावर तो सुरू होतानाच इशारा देतो. ज्यांच्यात अशी सोयच नाही, त्यांच्या कंटेनरला डॉकरच्या ‘--युलिमिट’ पर्यायाने सॉफ्ट आणि हार्ड असे दोन्ही आकडे देता येतात. आकडे खरोखर पोचले का, हे ‘प्रॉक’ फाइलव्यवस्थेत त्या प्रोसेसच्या क्रमांकाखालच्या ‘लिमिट्स’ फाइलमध्ये पाहावं. टर्मिनलवर दिसणारा आकडा टर्मिनलचा असतो. सेवेचा आकडा वेगळा असू शकतो. सेवा बंद न करता मर्यादा बदलायची असेल तर ‘पीआरलिमिट’ ही सोय लिनक्समध्ये २०१० पासून आहे.

मर्यादा वाढवा अशी मागणी आली की ती कुणासाठी हवी आहे, हे आधी विचारावं. एका सर्व्हरला लाख डिस्क्रिप्टर हवे असतील तर त्या एका सर्व्हरला द्यावेत. सगळ्या यंत्राला, सगळ्या कंटेनरांना देऊ नयेत. हार्ड लिमिट ऐसपैस ठेवावी, सॉफ्ट लिमिटला शक्यतो हात लावू नये, आणि नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आपली गरज स्वतः सांगावी. एवढं केलं तर उद्याच्या सर्व्हरला वाढायला जागा मिळते आणि पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी विश्वासाने लिहिलेला प्रोग्रॅमही त्याच यंत्रावर, त्याच दिवशी, एक ओळ न बदलता बरोबर चालतो. सुसंगतता राखणं म्हणजे व्यवहारात हेच, आणि त्यासाठी घ्यावे लागणारे कष्ट त्या विश्वासाच्या मानाने थोडेच आहेत.